टेकडीवरची धाप

न्यूमोनियातून उठल्यावर वहिनी पहिल्यांदाच माझ्याबरोबर टेकडी चढत होत्या. अर्ध्यावर त्यांना धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या आणि त्या एका दगडावर बसल्या.

"परत फिरू या का?" मी घाबरून विचारलं.

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या वहिनी हसल्या. "अगं, ऑक्सिजन पुरेनासा झाला की स्नायूंच्या पेशी त्याच्यावाचूनही थोडी ऊर्जा काढतात. पण तेवढ्यावर फार वेळ निभत नाही. मग थांबून श्वासच घ्यावा लागतो."

दादा गेल्यापासूनच्या वहिनी मला आठवल्या. घरातल्या सगळ्यांना सावरताना त्या कधी थांबल्याच नव्हत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. खाली गाव शांत होतं.

"ह्यांची फार आठवण येते गं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मी उठायची घाई केली नाही.