अण्णांच्या खोलीतला दुसरा ॲम्प

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार हुशार समजणार नाही. गिटारचा आवाज एकाच वेळी दोन ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यांमध्ये, पाठवणारं स्विच पेडल मी आयुष्यात पहिल्यांदा जोडलं, ते उलटं. गिटारच्या जागी ॲम्पची वायर, ॲम्पच्या जागी गिटारची. एक ॲम्प वाजला, दुसरा मुका. मग मी उस्मानपुऱ्यातल्या रफीकभाईला फोन लावला आणि बिघडलेला माल दिला म्हणून चांगली पाच मिनिटं सुनावली. रफीकभाई ॲम्प दुरुस्त करतो, कॉलेजपासूनचा दोस्त. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हो गया? अब डब्बे पे क्या लिखेला है, वो पढ़."

डब्यावर सगळं लिहिलेलं होतं. ठळक अक्षरात... बाणासकट.

आता मूळ गोष्ट. मी वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहायला बजाजनगर. मशीन बंद पडली की कुणी तिला लिंबू-मिरची बांधतं, मी फ्यूज बघतो. चमत्कारांचे किस्से मी आजवर चहाबरोबर ऐकले आणि चहाबरोबरच विसरलो. म्हणून हा लिहिताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटते आहे. पण मांडवातल्या दीडेकशे माणसांनी ऐकलेली गोष्ट मी एकट्यानं नाकारून काय उपयोग?

माझी सासुरवाडी चितेगावची. सासरे — अण्णा — शेती सांभाळून उभ्या आयुष्यात ढोलकी वाजवलेला माणूस. त्यांच्या घरची रीत अशी, की हळदीला ढोलकीवर पहिली थाप अण्णांची पडायची आणि मगच बायका गाणं सुरू करायच्या. सुनंदाच्या — म्हणजे माझ्या बायकोच्या — हळदीतही ती थाप त्यांचीच होती. मी नवरदेव असल्यामुळे ती मला ऐकता आली नाही, एवढं एक सोडलं तर तिची हकिकत मी चाळीसेक वेळा ऐकली आहे.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं त्यांना, बोलत राहा." आम्ही बोलत राहिलो, अण्णा भिंतीकडे बघत राहिले. अलीकडे तर घास पुढं केला तरी तोंड फिरवायचे. सुनंदा दर रविवारी चितेगावला जाऊन यायची. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अण्णांनी आतून दुकान बंद केलंय हो." आणि मेथीची जुडी तशीच टाकून उठून गेली.

अशात मेहुण्याच्या मुलीचं, पूजाचं लग्न ठरलं. पूजा आजोबांची लाडकी. तिनं जाहीर करून टाकलं, "आज्याची थाप पडल्याबिगर मी हळद लावून घेणार नाय." आता आली का पंचाईत! अण्णांच्या पाठीला जखमा झालेल्या, डॉक्टरांनी उचलाउचल नको म्हणून बजावलेलं. मांडव घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आणि अण्णांची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला. साखरपुड्याला मांडवातली नुसती धम्-धम् तिथपर्यंत पोचली होती, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मोबाईलवर दाखवलं, तर मोबाईलकडे पाठ.

गिटार मी कंपनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. पूजानं हट्टानं सांगितलेलं, की हळदीला काकांची गिटार पाहिजेच. चितेगावात हळदीला गिटार म्हणजे पिठल्यात सॉस, पण पोरीच्या हट्टापुढं कोण बोलणार? तर मी घरी प्रॅक्टिस करत बसलो असताना सुनंदा दारात येऊन म्हणाली, "अहो, तुमचं हे भोकाड निम्मं मांडवात आणि निम्मं अण्णांच्या खोलीत पसरता येतं का?"

येतं! म्हणून ते पेडल. लोखंडी डबा, त्याला पायानं दाबायची दोन बटणं. डावं दाबलं की आवाज या ॲम्पमधून किंवा त्या ॲम्पमधून, उजवं दाबलं की दोन्हींतून. दोन वायरी सोल्डर करून मी एक लांबलचक वायर बनवली. इतक्या लांब वायरीत आवाजाची धार थोडी बोथट होते, पण अण्णा काही तक्रार करणार नव्हते. असं आपलं मला वाटलं.

हळदीच्या सकाळी मांडवातला ॲम्प जनरेटरवर लावला. दुसरा अण्णांच्या उशाशी ठेवला, घरातल्या बोर्डावर. अण्णांच्या डाव्या हाताखाली सुनंदानं त्यांची ढोलकी ठेवून बघितली. हात नुसता पडून राहिला. शेवटी तीच त्यांचा हात उचलून हळूच ढोलकीवर टेकवून आली आणि मांडवात येऊन म्हणाली, "पडली थाप." पूजाचा चेहरा उतरला. सुनंदा परत अण्णांजवळ जाऊन बसली.

गाणी सुरू झाली. दोन्ही ॲम्प चालू, मी वाजवतोय, बायका गातायत. मांडवात ढोलकी नव्हतीच, आज्याशिवाय दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही हाही पूजाचाच हुकूम. तिसऱ्या गाण्याला सुनंदाच्या आत्याबाई नाचायला उठल्या. आत्याबाई नाचायला लागल्या की आजूबाजूच्यांनी आपापली काळजी घ्यायची असते. मी घेतली नाही. त्यांचा धक्का बसला, प्लॅस्टिकच्या चटईवर हळद सांडलेली, माझा अनवाणी पाय सटकला आणि नेमका डाव्या बटणावर पडला.

मांडवातला ॲम्प गप्प झाला. आवाज सगळा अण्णांच्या खोलीत. आता मांडवात शांतता व्हायला पाहिजे होती ना?

घराकडून गिटार ऐकू यायला लागली. स्वच्छ... मोठी... वायरीमुळे बोथट झालेली वगैरे अजिबात नाही. माझ्या हातून असा आवाज पूर्वी कधी निघाला नव्हता, हे ऑर्केस्ट्रातला कुणीही शपथेवर सांगेल. आणि तिच्या सोबतीला ढोलकी! दणदणीत, भरीव ठेका. बायका गाता गाता थांबल्या आणि घराकडे बघायला लागल्या. आत्याबाई एक हात वर करून तशाच उभ्या.

पूजा ताडकन उठली. "आज्या वाजवतोय!"

मला वाटलं, असेल बुवा. ॲम्पचा आवाज आपणच जास्त ठेवला असेल. पण त्या ॲम्पला माइक नव्हता. ढोलकी त्यातून यायचा संबंधच नव्हता! हा विचार पुरा होतो न होतो, तोच मेहुणा — ज्ञानू — घरातून धावत आला.

"दाजी, कशावर लावलाय वो आतला ॲम्प?"

"बोर्डावर. का?"

"आवो, घरातली लाईट गेलीय. पाव तास झाला! कूलर बंद हाय, पंखा बंद हाय, सगळं बंद हाय आतमधी!"

मांडव जनरेटरवर, त्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. माझे हात थांबले. घरातली गिटार थांबली. ठेका मात्र चालूच राहिला. मी भीत भीत एक तार छेडली... घरातून तीच तार वाजली. ज्ञानूनं माझ्याकडे बघितलं, मी ज्ञानूकडे. तो म्हणाला, "आता थांबू नका दाजी. वाजवा, वाजवा!" मी अख्खं कडवं वाजवलं. मग मात्र राहवेना. गिटार खाली ठेवून आम्ही सगळे आत पळालो, पुढं पूजा आणि तिच्यामागं हळदीचं ताट घेऊन आत्याबाई.

खोलीत कूलर बंद. ॲम्पचा लाल दिवा विझलेला. सुनंदा पलंगाजवळ उभी, तोंडावर पदर, हसते आहे की रडते आहे कळत नव्हतं. आणि अण्णा डाव्या हातानं ढोलकी वाजवत होते. आवाज साधा, खोलीपुरता. मांडवात ऐकला तो याच्या दसपट होता. आम्ही दारात गर्दी केली तशी त्यांनी मान वळवली. एकेकाकडे बघत शेवटी माझ्यावर थांबले. ओठ बराच वेळ हलले आणि मग जडसर आवाजात, पण प्रत्येकाला कळेल असं म्हणाले,

"जावई... लई पळतोय. हळू."

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. आणि ते माझ्या लयीवर!

मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, कारण सगळी खोली ओरडायला लागली होती. पूजा आजोबांच्या गळ्यात पडली. तिला हळद तिथंच, पलंगापाशी लावली गेली. पहिलं बोट अण्णांचं, डाव्या हाताचं. ते तिच्या नाकावर गेलं.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईला विचारलं. तो म्हणाला, "लाइट गई तो भी कंडेन्सर में थोड़ा करंट रहता भाई. दो सेकंड, चार सेकंड. पूरा गाना नहीं बजता." मग म्हणाला, "अण्णा को मेरा सलाम बोल." अण्णा आता दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलतात, जेवतातही. ॲम्प मी दोनदा उघडून पाहिला. वायर तपासली, बोर्ड तपासला. लाईट नसताना तो परत कधी वाजला नाही. त्या दिवशी कसा वाजला, मला माहीत नाही.

खरं तर शोध मी त्याच दुपारी सुरू केला होता. सगळे जेवायला बसलेले आणि मी अण्णांच्या पलंगाखाली पालथा पडून, टेस्टर घेऊन, बोर्डात कुठून करंट येतोय का बघत होतो. सुनंदानं मला पायाला धरून बाहेर ओढलं, हातातला टेस्टर काढून घेतला आणि म्हणाली, "आठ महिन्यांनी माझा बाप बोलला, तो तुम्हाला नावं ठेवायला. अजून बोलावं असं वाटतंय ना? मग उठा, गिटार घ्या आणि चुका करा."