लाल रेघेखालचा नातू

दर एप्रिलमध्ये आमच्या कूलरच्या ताट्या बदलायला नंदनवन वस्तीतून एक माणूस येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मला त्याचा हेवा वाटतो, म्हणून असेल.

ताट्यांमध्ये खस भरताना तो गुणगुणतो. कूलर सुरू झाला की तोंड जाळीपुढे धरून डोळे मिटतो, जणू ती हवा त्यानंच घडवली. माझं काम हवामानाचं. नागपुरात उकाड्याच्या रात्री किती वाढल्या, पुढे किती वाढतील, ते सांगणारा निर्देशांक मी काढतो. यंदा शतकाअखेरपर्यंतचा आलेख त्याला मुद्दाम दाखवला. माझ्यासारखी त्याचीही झोप उडावी, एवढीच इच्छा.

वर चढणाऱ्या लाल रेघेवरून त्यानं बोट शेवटपर्यंत नेलं आणि खुलला.

"इथं त माह्या नातवाचं राज्य हाय, साहेब! तो बी हेच काम करन. गरमी वाढून राहिली म्हणून लोक काय नागपूर सोडून जातीन?"

मी चहाचं विचारलंसुद्धा नाही.

माझी मुलगी परदेशात असते. इकडे परत येऊ नकोस, असं तिला मीच सांगितलंय. हाच आलेख दाखवून.