रंगूच्या गोष्टीतला केरू

किहीमच्या अख्ख्या वाडीत चौथी पास झालेली बाई एकच, रंगू! आणि तिला हाताला धरून शाळेत नेलं कुणी? थोरल्या भावानं, धर्माजीनं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एकतीस साली मुंबईच्या एका मुलांच्या मासिकानं गोष्टी मागवल्या. रंगूनं तीन दिवसांत एक लिहून काढली. भर वादळात एकटाच होडी हाकणारा पोरगा, नाव मदनकुमार. छापून यायचं तर नाव कसं झोकदार पाहिजे!

पाठवायच्या आधी तिनं माडाखाली वाडीतली पोरं जमवली नि वाचायला घेतलं. होडी कलंडायला आली, तशी सहा वर्षांची कमळ भोकाड पसरून उठली.

"रंगूआत्या, ह्यो बुडणार! एवढं गोड नाव, काळाची नजर जाणारच. आमच्या आयेची तीन पोरं गेली, म्हणून धाकल्याला केरू म्हटलं. केराकडं कोण बघतंय? हाय बघ अजून!"

"व्हय, व्हय! केरू कर!" सगळी पोरं ओरडली.

रंगूनं तिथंच मदनकुमार खोडून केरू लिहिलं, आणि गोष्ट पळतच सुटली! लाट आली, होडीत डोकावली, केर बघून पुढं निघून गेली.

पंधरा दिवसांत संपादकांचं पत्र. 'गोष्ट उत्तम. नायकाचं नाव मोहन करून छापतो. होकार कळवा.'

"कळव की लगेच!" धर्माजी नाचायलाच लागला. "माझ्या बहिणीचं नाव मुंबईत छापणार!"

शाळेत पहिल्यांदा पुस्तक हाती आलं, तेव्हापासून रंगूला हेच हवं होतं. पण समोर कमळ डोळे वटारून उभी. रंगूनं कार्ड लिहिलं, 'नाव बदललंत तर पोरगा बुडेल. मग इथल्या पोरांना जबाब तुम्ही द्या.'

"हातचं घालवलंस गं!" धर्माजीनं कपाळ बडवलं.

दोन महिने काही न्हाय. रंगू रोज पोस्टमनच्या वाटेवर. आणि एक दिवस मासिक आलं! तिनं भराभर पानं उलटली.

कमळला अक्षर येत न्हवतं. "हाय का गं?"

रंगूनं तिचं बोट धरून मथळ्यावर ठेवलं. "हाय. होडीवाला केरू."

कमळ मासिक घेऊन सुसाट घरी पळाली. अंगणात धाकला केरू मातीत लोळत होता.

"ऊठ रे, केऱ्या! तू वाचलास!"