लोंबीपर्यंत राखलेलं गवत

“डाक्टरीन, गवत कमरेला लागतंय, तरी गायी वालतान. आता तुमीच बोला!”

ऐरोलीच्या गावठाणातले जनार्दनकाका माझ्यावरच डाफरले. मी जनावरांची डॉक्टर. काकांच्या भातशेतीवर कधीच इमारती उभ्या राहिल्या. उरल्या या वाळत चाललेल्या चार गायी आणि खाडीकडचा एक गवताचा प्लॉट. मुलगा प्रशांत बिल्डर. त्याने स्पष्ट सांगितलं, “मॅडम, दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर गायी पांजरपोळात पाठवणार. सोसायटीवाल्यांच्या तक्रारी, त्यात बाबांचं टेन्शन!” काकांनी गायीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

गणपती नुकतेच गेले होते. जंताचं औषध आधीच देऊन झालेलं. गायींना ताप नव्हता, पोटं टम्म. मी एक जुनी चाळणी मागितली आणि ताजं शेण नळाखाली धुतलं.

“मॅडम, शेण गाळताय?” प्रशांत हसला.

“रिपोर्ट वाचतेय.”

चाळणीत बोटभर लांब काड्या उरल्या, जशाच्या तशा.

गायीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे रुमेन. तिथले सूक्ष्म जंतू गवत फोडतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत गवत भराभर जून होतं. तुरा आला की पान कमी, काडी जास्त. काडीत फायबर कडक, प्रोटीन नावापुरतं. जंतूच उपाशी, मग काडी फोडणार कोण? रुमेन रिकामा होत नाही, म्हणून गाय पुढचा घास घेत नाही. पोट भरलेलं, अंग मात्र वाळतं.

“काका, गवत आधी का नाही कापलं?”

“वा! लोंबी भरल्याबिगर इला लावतान का कुनी?”

लोंबीत दाणा भरेपर्यंत विळा लावायचा नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका गवत भातासारखं राखत होते! कुंपण घालून, वॉचमन बसवून.

“अहो, भात दाण्यासाठी राखतात. गवत पानासाठी.”

काकांना पटेना. शेवटी तह झाला. अर्धा प्लॉट कापायचा, बोअरचं पाणी द्यायचं. गवत गुडघ्याला लागलं की गायी सोडायच्या. तोवर रोज थोडी पेंड आणि शेवग्याचा पाला, म्हणजे जंतूंना प्रोटीन. काका आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मला माझ्या चाळणीवर भरवसा होता.

तीन आठवड्यांनी गायी आत सोडल्या. चारही जणी उंच गवताला वळसा घालून थेट कोवळ्यात शिरल्या आणि मान वर न करता चरत राहिल्या. काका कुंपणाला टेकून बघत होते.

“शेती होती तवा आमी बांधावरचा गवत रोज कापून आनाचो,” ते हळूच म्हणाले. “त्याला जून व्हायला टाइमच नव्हता.”

दिवाळीत गायींच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. पांजरपोळाचा विषय प्रशांतने पुन्हा काढला नाही. उरलेला अर्धा प्लॉट काकांनी स्वतः कापला. मला फार बरं वाटलं.

हयगयीने उपाशी राहिलेली जनावरं मी पुष्कळ पाहिली आहेत. कौतुकाने उपाशी राहिलेली ही पहिलीच.