नाचलेला तांदूळ

सॅमसनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या माणिकपूरच्या इमारतीच्या गच्चीवर तांदळाची दहा किलोची पिशवी छातीशी धरून नाचत होते. डोक्यावर गोल टोपी, डोळे मिटलेले, तोंडाने हिब्रू गाणं. मी वाळलेले कपडे काढायला आलो होतो, ते तसेच ठेवून परत फिरलो.

“थांबा,” ते डोळे न उघडता म्हणाले. “वेड लागलेलं नाही. सराव चाललाय.”

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांच्याकडे एका सणाला तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची भलीमोठी गुंडाळी, कवेत घेऊन गात-नाचत सिनेगॉगमध्ये सात फेरे घालतात. ती हातून पडली तर बघणाऱ्या सगळ्यांना उपास. आदल्या वर्षी काकांचा गुडघा दुमडला, कुणीतरी तोरा वरच्या वर झेलली आणि मंडळींनी ठरवलं, काकांनी यापुढे खुर्चीत बसून फक्त गायचं.

“गाणं तोंडात आणि पाय खुर्चीखाली?” काका माझ्यापाशी उसळायचे. “अरे, हे काय जेवण आहे, बसून करायला?”

तोराचे घ्यावेत तसे ते पिशवीचे मुके घेत. रिबेकाकाकू वैतागायच्या. “एवढे मला लग्नाच्या वर्षीसुद्धा मिळाले नाहीत. आता हा तांदूळ मी शिजवू कसा?”

त्यावर काका मलाच सुनवायचे, “तुमच्यात सात फेरे एकदाच. आमच्यात दरवर्षी. म्हणून प्रेम शिळं होत नाही.”

सणाला ते मला ठाण्याला घेऊन गेले, परीक्षक म्हणून. सहा फेरे काका खुर्चीत बसून होते. तरुण पोरं जलद चालीत उड्या मारत होती, काका आपल्या वडिलांच्या संथ चालीत गात होते आणि दोघांची काही गाठ पडत नव्हती. सातव्या फेऱ्याला ते उठले. कुणाला विचारलं नाही. तोरा घेतलेल्या मुलासमोर जाऊन नुसते हात पसरले. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि दिली.

मग उपासाच्या धास्तीने अख्खी मंडळी हात पुढे करून काकांच्या भोवती चालू लागली. काका डावीकडे झुकले की सगळे डावीकडे. त्यांच्या पायांच्या गतीने चालायचं तर जलद चाल जमेना, म्हणून एकेक जण त्यांची संथ चाल गाऊ लागला. काकू एका हाताने डोळे पुसत होत्या, दुसरा पुढेच होता. मला उपास लागू नव्हता, तरी माझेही हात पुढे होते आणि मला रडू येत होतं. तोरा पडली नाही.

“पास?” काकांनी घाम पुसत विचारलं.

“पास,” मी म्हटलं.

पुढच्या वर्षी दोघं मुलीकडे इस्रायलला गेले, कायमचे. निघताना काकांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. “नाचलेला तांदूळ आहे. जपून शिजव.”

अजून शिजवलेला नाही. परवा फळी पुसायची म्हणून मी पिशवी उतरवली आणि नकळत छातीशी धरली. पाय किंचित हलले असतील. ही गोष्ट माझ्याकडून कितीदा ऐकलेली बायको ओट्यापासून धावत आली आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याभोवती फिरू लागली.

“सांभाळून हं,” ती म्हणाली, “पडेल!”