महादेवीचं ‘येस’

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते. माझी समजूत घालू नका — तेवढं एक करू नका. मला राग आलाय, आणि तो मला उतरवायचा नाही.

संतपूरच्या आमच्या घरात पहिली पदवी माझी. बाप, चुलते सोयाबीन-तुरीत राबले. मी इंग्लिश घेऊन बीए झाले, मग बीएड. हे मी ताठ मानेनं सांगते, आजही. पण आमच्या गल्लीत त्या वर्षी पदव्या दोन आल्या होत्या — एक माझी, एक माझ्या मैत्रिणीची, महादेवीची. हे मी सांगत नाही. बघा, खोट इथूनच सुरू होते.

इंग्लिशमधले क्वेश्चन टॅग तुम्ही शाळेत केले असतील. वाक्य होकारी असलं की शेवटी नकारी प्रश्न जोडायचा, नकारी असलं की होकारी. शी इज अवर टीचर, इझन्ट शी? महादेवी त्याला शेपूट म्हणायची. “म्हैस इकडं बघती अन् शेपूट तिकडं हलतंय, तसलं हाय हे.” परीक्षेच्या आधी आम्ही दोघी ओट्यावर बसून शेपटं जोडायचो. हा म्हशीचा विनोद मी आता दरवर्षी वर्गात सांगते. पोरं पोट धरून हसतात. कुणाचा आहे ते मी कधी सांगितलेलं नाही.

बिदरला एका इंग्लिश मीडियम शाळेत जागा निघाली. एकच. दोघींनी अर्ज केला, दोघी एकाच बसनं गेलो. स्टँडवर तिनं खाली बसून माझ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या. प्रिन्सिपल मॅडम कुठल्याशा लांबच्या शहरातल्या — मराठी येत नव्हतं, कन्नड बेताचं. त्यांनी आम्हाला एकदमच आत घेतलं, शेजारी-शेजारी बसवलं. महादेवी माझ्यापेक्षा चांगली बोलली. धडा कसा शिकवशील म्हणून विचारलं तर उठून उभी राहिली आणि शिकवूनच दाखवला. मॅडम खूश. जागा तिची, हे मला कळून चुकलं.

मग मॅडमनी तिला शेवटचं विचारलं, “यू वोन्ट लीव्ह अस आफ्टर मॅरेज, विल यू?”

लग्नानंतर आम्हाला सोडून जाणार नाहीस ना? एखाद्या बाप्याला विचारलं असतं का हे? आणि विचारायचंच तर सरळ विचारावं — उत्तर आधी तोंडात कोंबून वर शेपूट कशाला? त्या प्रश्नाची चीड मला अजून येते. पण त्या चिडीच्या आड मी फार वर्षं लपले. प्रश्न मॅडमचा होता. पुढचं माझं आहे.

महादेवी खणखणीत म्हणाली, “येस, मॅडम.”

आता सांगा, काय म्हणाली ती? सोडणार न्हाईस न्हवं? — व्हय, सोडणार न्हाई. आपल्याकडं व्हय म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं. कन्नडात हौदु म्हणा, तेच. आमच्या बाजारातल्या उर्दूत हौ म्हणा, तेच. तीन भाषा येत होत्या तिला आणि तिन्हींत तिचं उत्तर बरोबर होतं. चौथीत तेवढं उलटं पडलं. इंग्लिशमध्ये तिथं नो म्हणावं लागतं. येस म्हटलं की अर्थ एकच — सोडणार.

मॅडमचं हसू मावळलं. “थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट.” आणि महादेवी — अजून दिसते मला — फुलून आली. प्रामाणिक म्हणाल्या होत्या तिला.

मला कळलं होतं. तिथल्या तिथं, पुरतं कळलं होतं. ‘मॅडम, तिला सोडणार नाही असं म्हणायचंय’ — एवढंच बोलायचं होतं. भीती वाटली का? नाही. इंग्लिश सुचलं नाही का? तसंही नाही. कारण पुढच्याच दमात त्यांनी तोच प्रश्न मला केला, आणि माझी जीभ किती सरळ वळली बघा — “नो, मॅडम. आय वोन्ट.”

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “ऑनेस्ट म्हणल्या मला, ऐकलीस न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले.

फोन मला आला. महादेवी संध्याकाळी आमच्या दारात. आधी तिनं माझ्या हातावर साखर ठेवली, मग विचारलं, “कामून घेतले न्हाईत गं मला?” रडत नव्हती. कुठं चुकलं ते तिला खरंच पाहिजे होतं, पुढच्या वेळी सुधारायला. आणि मी काय दिलं? “तुझं इंग्लिश जरा गावठी वाटलं असंल त्यायला.”

गप्प बसले त्याला भित्रेपणा म्हणा. ह्याला काय म्हणाल?

तिनं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. लग्न करून तिला दुबलगुंडी गावात दिली. ह्या दिवाळीला दोघी माहेरी होतो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती, तिची सातवीतली पोरगी पुस्तक घेऊन तिच्यापाशी आली. “मला कामून विचारायलीस? मावशीला विचार. आपलं इंग्लिश गावठी हाय,” महादेवी म्हणाली आणि हसली. माझं वाक्य. जसंच्या तसं जपून ठेवलेलं.

पोरीचा धडा क्वेश्चन टॅगचाच होता. तिनं सगळी शेपटं बरोबर लावली होती. मग विचारलं, “मावशी, पण वाक्य नकारी असलं तर जबाब काय द्यायचा? येस का नो?”

शेंगा फोडायच्या थांबल्या. महादेवी ऐकत होती.

वर्गात हे मी पहिल्याच आठवड्यात घेते. फळ्यावर व्हय, हौदु, हौ लिहिते आणि पलीकडं नो. लगेच समजतं पोरांना. माझ्या हाताखालचं पोर तिथं चुकत नाही. पण त्या ओट्यावर सांगितलं असतं तर महादेवीच्या कानावर पडलं असतं, आणि ती काही मंद नाही — ती खुर्ची, त्या मॅडम, ते ऑनेस्ट, सगळं तिनं तिथंच जोडलं असतं. शेजारी कोण बसलं होतं तेही.

“ते परीक्षेला येत न्हाई,” मी पोरीला म्हणाले. “सोड.”

तिनं पुस्तक मिटलं. महादेवी कौतुकानं म्हणाली, “मावशी झटक्यात सांगती, न्हवं?”

“व्हय,” पोरगी म्हणाली.

उद्या ती पोरगी कुणाच्या तरी टेबलासमोर बसेल आणि आईसारखीच खणखणीत येस म्हणेल. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. आईच्या वेळीही, लेकीच्या वेळीही. ह्या वाक्याला शेपूट नाही.