एका नंबराची चूक

शाळेत बाईंना तराजूबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि राग येणं सोडाच, मनातून बरंच वाटायचं. अठ्ठावीस वर्षं त्या सातवीला गणित शिकवत होत्या. वर्ष सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात वर्गावर नजर फिरवायची, कोण चालणार आणि कोण अडणार ते मनाशी पक्कं करायचं, आणि वर्षअखेरीला सगळं तंतोतंत खरं ठरायचं. एकदाही चुकले नाही, असं त्या शिक्षकखोलीत चारचौघांत सांगायच्या.

आणि ही काही गंमत नव्हती. सातवीनंतर तुकड्या पडत. अ तुकडीला बीजगणित, विज्ञान आणि पुढची सगळी दारं उघडी. ब तुकडीला पोटापुरतं गणित आणि हातकाम. ब मध्ये गेलेलं पोर परत अ मध्ये आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ही वाटणी बाईंच्या यादीवर व्हायची आणि मुख्याध्यापिका डोळे झाकून सही करायच्या.

त्या वर्षी विद्यापीठातून मानसशास्त्राचे एक सर आले. किरकोळ अंगाचे, बोलण्यात अतिशय नम्र. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात त्यांनी बाईंच्या वर्गाची दीड तासाची परीक्षा घेतली. सगळी कोडी आणि आकृत्या. तीन आठवड्यांनी पाच आकडे लिहिलेला एक कागद त्यांनी बाईंच्या हातात ठेवला. मुलांची नावं कुठे लिहायची नाहीत असा त्यांचा दंडक, म्हणून नुसते हजेरीचे नंबर.

"ही पाच मुलं यंदा एकदम उचल खातील," सर म्हणाले. "मुलांना मात्र सांगू नका."

बाईंनी हजेरीपट उघडला. नऊ, सोळा, बावीस, अठ्ठावीस, पस्तीस. नवव्या नंबरावर पुटपुटी! काही विचारलं की ही मुलगी आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसायची, आणि तिचं होईपर्यंत बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. बाईंनी तिला पहिल्या दिवशीच मनातल्या मनात ब मध्ये टाकलं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि डोळ्याला भिंग लावलं की त्याला बोलायला जोर यायचा. "म्हणजे तुझा तराजू बिघडला म्हणायचा," तो म्हणाला.

"तराजू ठणठणीत आहे. त्या सरांचंच काहीतरी बिघडलंय. दाखवते त्यांना."

खरं सांगायचं तर बाईंनी पुटपुटीला फळ्यापाशी बोलावलं ते सरांना खोटं पाडायला. गणित घातलं आणि शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पोरगी पुटपुटायला लागली. बाईंनी कान दिला तर काय, ती अख्खं गणित पायरीपायरीने बोलून दाखवत होती. एकही पायरी गाळत नव्हती, आणि उत्तर बरोबर! बाई म्हणाल्या, अगं बाई, सरांना दिसलं ते मला कसं दिसलं नाही? मग रोजच बोलावणं सुरू झालं. बाकीच्या चौघांचंही तेच. चुकलं तर "बघ पुन्हा", अडलं तर "असू दे, मी आहे". वर्ष सरताना पाचही पोरं पहिल्या दहांत होती. सर महिन्यातून एकदा येऊन मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसत आणि वहीत काहीबाही टिपत. पोरांचं काहीतरी बघत असतील, असं बाईंना वाटायचं.

वर्षअखेरीला सरांनी, पहिल्या वेळी घातला होता तोच नंबर मुलांना घालायला लावून, तीच परीक्षा पुन्हा घेतली आणि तुकड्यांची यादी द्यायच्या दिवशी दुपारी पडलेल्या चेहऱ्याने शिक्षकखोलीत आले.

"बाई, माझी पाच मुलं काही विशेष पुढे गेली नाहीत. इतरांसारखीच आहेत."

"काहीतरीच काय! पाचही जणांनी कमाल केलीय."

सरांनी तक्ता पुढे केला. "कमाल केलीय ती आठ, पंधरा, एकवीस, सत्तावीस आणि चौतीस या नंबरांनी."

बाईंनी ते आकडे दोनदा वाचले. प्रत्येक आकडा एकाने कमी. पहिल्या परीक्षेनंतर वर्गात एक नवी मुलगी आली होती. आडनावाप्रमाणे तिला चौथा नंबर मिळाला, आणि तिच्या मागचे सगळे एकेकाने पुढे सरकले. तो नवा पट बाईंनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात उतरवला होता. सरांचे नंबर मात्र जुन्या पटावरचे. सरांचा नऊ नंबर आता दहावा झाला होता. बाईंनी नऊ म्हणून जिला वर्षभर उचलून धरलं ती पुटपुटी सरांच्या कागदावर आठवी होती, आणि तिच्याबद्दल सर कधी काही बोललेच नव्हते.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "पण मग ही पोरं वर कशी गेली? यांच्यात तुम्हाला काही दिसलं नव्हतं ना?"

सरांनी तक्ता मिटला. "दिसलं कुणातच नव्हतं, बाई. ते नंबर मी चिठ्ठ्या टाकून काढले होते. शिक्षकाने एखाद्याकडून आशा धरली तर काय होतं, एवढंच बघायचं होतं. आधी सांगितलं असतं तर प्रयोगच उरला नसता. माफ करा." मग त्यांनी वही उघडली. बाकांचा नकाशा, आणि प्रत्येक बाकावर सेकंद लिहिलेले. "आता जुळतंय. प्रश्न विचारून तुम्ही या पाच जणांसाठी नऊ-नऊ सेकंद थांबता. बाकीच्यांसाठी दोन. बाई, याहून चांगला पुरावा मला ठरवूनही मिळाला नसता!"

बाईंना त्यांचा मनस्वी राग आला. या माणसाला पुरावा सापडला होता, आणि इकडे बाईंच्या डोक्यात गुणाकार चालला होता. अठ्ठावीस वर्षं, दर वर्षी ब मध्ये वीस पोरं. पाचशे साठ.

यंदाची यादी लिहून तयार होती, पर्समध्ये. पाचच्या आत द्यायची होती. ती तशीच ठेवून बाई शेवटच्या तासाला गेल्या आणि दहाव्या नंबराला, म्हणजे सरांच्या खऱ्या नऊला, उभं केलं. पुटपुटीच्या मागे बसणारा चष्मिस. त्याचं नाव ब मध्ये होतं. बाईंनी सोपंच गणित विचारलं आणि थांबल्या. पाच सेकंद, दहा, वीस. वर्गात चुळबुळ सुरू झाली. चष्मिस बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "बाई, पुढच्याला विचारा ना. तुम्ही नेहमी तसंच करता."

तक्रार नव्हती त्यात. बाई काहीतरी विसरल्यात, आठवण करून द्यावी, असा सूर होता.

"आज नाही विचारत," त्या म्हणाल्या. "तू सांग. मी थांबते."

त्याने अर्धं बरोबर सांगितलं, अर्धं चुकवलं, मग चुकलेलं स्वतःच खोडलं. तेवढ्यात घंटा झाली.

पाचला दहा मिनिटं असताना बाई मुख्याध्यापिकांसमोर उभ्या होत्या. "ही यादी मला देववत नाही," त्यांनी सांगितलं आणि झाला प्रकार ऐकवला.

"अहो, पण वीस जणांना ब मध्ये घालावंच लागणार. अ च्या वर्गात बाकं मोजकीच आहेत."

"घाला. पण ब चं गणित मी घेणार, आणि बीजगणितासकट."

"ब ला बीजगणित नाही, असा शाळेचा नियम आहे, बाई. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"तो मीच करून घेतला होता, नवी होते तेव्हा," बाई म्हणाल्या. "वेळ वाया जातो, असं मीच म्हणाले होते. कुणाचा, ते मला कुणी विचारलं नाही."

मुख्याध्यापिकांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी खुर्ची ओढली आणि नियम रद्द करण्याचा अर्ज लिहायला बसल्या.